आमच्या अक्काचं राज्य

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. माझे मोठे दीर, दादा, मला कधी फोन करत नाहीत. करायचाच झाला तर आमच्या ह्यांना करतात. त्यामुळे नाव दिसलं आणि मी खडू ठेवून वर्गाबाहेर आले. "सुनंदा, घरी ये… तुझी अक्का बागेत पडली," एवढंच ते म्हणाले. राहात्याजवळ आमची पेरूची बाग आहे. तिथे सकाळची तोडणी चालू असताना अक्का, म्हणजे माझी मोठी जाऊ, गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. हातातला पेरूसुद्धा सुटला नव्हता म्हणे.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्या बायकांचे. प्रत्येकीचं एकच, "गाय हुती बिचारी. कुनाला कधी उलटून बोलली न्हाई." मीही रडत मान हलवत होते, आणि मधेच मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं हुंदका आला. मला राजाचा प्रधान आठवला होता. त्या प्रधानाला अक्कानं बुरुजावरून खाली ढकललं होतं आणि वर मला म्हणाली होती, "चहा टाक आता."

हे सांगायचं तर अक्षयपासून सुरुवात करावी लागेल. अक्षय तिचा एकुलता एक. नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि त्याचा व्हिडिओ गेमचा जुना डबा त्याच्या खोलीतल्या टीव्हीखाली तसाच राहिला. एका दुपारी मी शाळेतून आले तर अक्का त्या खोलीत, फडकं हातात घेऊन, डब्याकडे बघत. "हे चालू कर बरं. पोरगं एवढं काय बघत बसायचं ते तरी कळू दे." मी वायरी लावल्या. तलवारी, जादू, किल्ले, असा तो मोठा खेळ होता. चौघांची टोळी घेऊन अख्खं राज्य पालथं घालायचं. वाटेत माणसं भेटतात, बोलतात, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते आपण निवडायचं. अक्षयनं तो बराच पुढे आणून सोडला होता, फक्त राजधानी गाठून राजाला हरवायचं उरलं होतं. त्याची टोळी मात्र अस्सल दुष्टांची निघाली. एक चेटकीण, एक खंजीरवाला चोर, एक मढी उठवणारा मांत्रिक आणि गदा घेतलेला धिप्पाड राक्षस. मागची सगळी गावं पोरानं जाळलेली!

"असलं खेळत हुता व्हय हा?" अक्का डोळे मोठे करून म्हणाली आणि तिथल्या तिथे तिनं त्याला फोन लावला. अक्षय ओशाळला. म्हणाला, "आई, ती टोळी वाईट आहे. तू नवीन सुरू कर ना, चांगल्या लोकांची."

अक्कानं थोडा विचार केला. "चांगलं वागून झालंय माझं," ती म्हणाली. "मी हीच घेते."

आणि सुरू झालं आमचं राज्य. खेळाचं इंग्रजी नाव तिला जमेना, मग आम्ही त्याला नुसतं 'राज्य' म्हणायचो. मी शाळेतून यायची, जेवणं आटोपायची, आणि अंगणापलीकडच्या तिच्या घरातून हाक यायची, "सुनंदा, राज्यावर ये!" पडद्यावरचं इंग्रजी वाचून मी मराठीत सांगायची, ती हुकूम सोडायची. बटणं तिला इतक्या लवकर जमली की मला फक्त वाचनाचं काम उरलं. चेटकीण ही 'आपली बाई', आणि तो राक्षस, जो सगळ्यांचं सामान उचलून मुकाट मागे चालायचा, त्याचं नाव तिनं बाळ्या ठेवलं.

दुष्टपणाचा एक त्रास असा की शेवटी शेवटी तो अंगाशी येतो. मागे औषधं विकणारी माणसं अक्षयनं मारून ठेवलेली, त्यामुळे राजधानीच्या वेशीवर आम्ही पोचलो तेव्हा जखमेवर लावायला काही नाही, आणि आमच्याशी कुणी धड बोलेना. मी म्हणायची, आता तरी गोड बोलून बघू. अक्का म्हणायची, "कशाला? हाय त्यात भागवू." ती रागानं वाईट वागायची नाही, हे मला फार मजेचं वाटे. चेहरा अगदी शांत. पेटीत भरताना डागी पेरू बाजूला काढावा, तशी ती माणसं बाजूला काढायची. प्रधान आमच्या पाया पडला, राजाविरुद्ध तुम्हाला मदत करतो म्हणाला. मी तिन्ही पर्याय वाचून दाखवले: माफ करा, सोबत घ्या, ढकलून द्या. तिनं शेंगदाण्याचं टरफल फुंकलं. "आपल्या राजाचा झाला न्हाई, आपला काय हुनार? ढकल."

अशाच एका संध्याकाळी दादा दारात आले. त्यांच्या आत्याकडची मंडळी शिर्डीला दर्शनाला येणार होती. "उद्या सगळे जेवायला हायेत आपल्याकडं," त्यांनी सवयीनं सांगितलं आणि वळलेसुद्धा. पडद्यावर आम्ही राजवाड्याच्या तळघरात होतो. अक्का पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "उद्या न्हाई जमायचं."

दादा थांबले. मीही थांबले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. "म्हंजी?" दादांनी विचारलं.

"म्हंजी हाटेलात न्या. लई दिवस झाले, मलाबी चालंल."

ते तसेच निघून गेले. मी पडद्यावरचं वाचायचं विसरले. अक्काचंही लक्ष उडालं असणार, कारण तिनं चेटकिणीला सरळ भिंतीवर नेऊन आपटलं. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि इतकं हसलो… इतकं हसलो की माझ्या पोटात कळ आली. दुसऱ्या दिवशी सगळे हॉटेलात जेवलो. अक्कानं दोनदा आइस्क्रीम मागवलं.

शेवटच्या दरवाज्यावर मात्र आमचं भांडण झालं. सिंहासनाची खोली उघडायची तर आपल्यातला सगळ्यात इमानी माणूस बळी द्यायचा. म्हणजे बाळ्या. नाहीतर राजाला सोडून माघारी फिरायचं. मी म्हटलं, "अक्का, राहू दे ते राज्य. बाळ्यानं आपलं एवढं सामान वाहिलं!" खरंच सांगते, मला रडू येत होतं. अक्कानं बटणावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "सुनंदा, ह्यो मेला तरी पुन्यांदा खेळ लावला की उठून चालाय लागतो. खऱ्या मानसाचं तसं न्हाई ना. तिथं जपावंच लागतं. हितं तरी जरा सुटू दे मला." आणि, "माफ कर रं बाळ्या," म्हणत तिनं डोळ्यांत पाणी आणून बटण दाबलं.

आत राजानं आम्हाला धुतलं. औषध नाही, बाळ्या नाही. हरायचो, परत उभे राहायचो, परत हरायचो. कितीतरी दुपारी तशाच गेल्या. मग एकदा अक्कानं खेळातली टोळीची पिशवी उघडून दाखवली. वाटेत दिसेल ते तेलाचं पिंप ती "असू दे, लागंल" म्हणत उचलत आली होती. आपण जवळ जाऊन बोलायला सुरुवात करेपर्यंत राजा लढत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तेवढ्या वेळात तिनं त्याच्या सिंहासनाभोवती सगळी पिंपं नीट ओळीनं मांडली. दिवाळीच्या पणत्या मांडाव्यात, अगदी तशी. मागे सरली, आणि आपल्या बाईला म्हणाली, "लाव काडी."

जो काय जाळ झाला! राजा, पहारेकरी, पडदे, सगळं एका दणक्यात. अक्का खुर्चीतून उठून टाळ्या पिटत होती. अक्षयला फोन केला तर तो ओरडला, "आई, असं कुणीच जिंकत नाही!" ती म्हणाली, "मी जिंकले की." त्या दिवशी तिनं शिरा केला आणि बागेतल्या माणसांना वाटला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत तिला. पण जे मिळाले ते राज्याच्या मालकिणीसारखे काढले, असं मला वाटतं.

परवा दुपारी दादा माझ्याकडे आले. दारातच घुटमळले. "तुमी दोघी त्या खोलीत काय करत हुता, ते दाखिव की," म्हणाले. मी त्यांना अक्षयच्या खोलीत नेलं आणि खेळ लावला. जळका दरबार, काळे पडलेले खांब, आणि मधोमध सिंहासनापाशी आमची बाई उभी. हवेनं तिचा झगा हलत होता.

"ही ती?" दादांनी विचारलं.

"हो. हे सगळं तिनं जिंकलेलं."

ते खुर्ची ओढून पडद्याजवळ गेले. हसू ओठांवर आलं, मग हरवलं, मग परत आलं. "लई रुबाबात हाय गं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता…

"तिला बस म्हन की. कवाची उभी हाय."

मी बटण दाबलं. बाई वळली, झगा सावरला आणि सिंहासनावर ऐसपैस बसली.