हलक्या हाताचा अल्लाल

थंडी कोरडी पडली की आमच्या दरीत सकाळपासून ढोल सुरू होतात. लग्न नसतं, सण नसतो. घराघरात एक मोठं घमेलं, त्यावर ताणून बांधलेलं तलम कापड, कापडावर किफच्या, म्हणजे गांजाच्या, वाळलेल्या शेंड्या, वरून प्लास्टिकचा तुकडा, आणि माणसाच्या हातात दोन बारीक काठ्या. काठी पडते, कापडातून पीठ झरतं, घमेल्यात साचतं. त्या पिठाची चरस होते आणि ती समुद्र ओलांडून कुठल्या कुठल्या देशांत जाते. आम्ही मात्र इथेच राहतो, देवदारांच्या सावलीत, जवाची भाकरी नि बाकल्याच्या दाण्यांची आमटी खात.

या ढोलांचं आणखी एक काम आहे. खालच्या रस्त्याला शिपायांची जीप लागली की पहिलं घर काठ्या खाली ठेवतं. ते थांबलं हे दुसऱ्या घराला ऐकू येतं, दुसरं थांबलं हे तिसऱ्याला. शांतता जीपच्या आधी डोंगर चढते. चहाचा एक पेला संपेपर्यंत ज्याला पळायचं तो देवदारांत पोचलेला असतो. मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा आमचा जीव या थांबण्यावर टांगलेला असायचा.

अल्लालचं घर या सात घरांच्या साखळीत शेवटचं, खिंडीच्या तोंडाशी. खिंडीपलीकडच्या खोलगटात आणखी चार घरं होती, पण तिथे दरीतलं काही पोचत नसे. त्यांना ऐकू जायचा तो फक्त अल्लाल. अल्लाल वाजवतोय म्हणजे सगळं ठीक, अल्लाल थांबला म्हणजे पळा. आणि हा अल्लाल बासष्टाव्या वर्षी ठार बहिरा झाला होता.

हे त्याच्या बायकोला, यामनाला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला नाही, अशी अल्लालची खात्री होती.

चाळीस वर्षं घमेल्यावर वाकून बसल्याचं हे बक्षीस. त्यात गंमत अशी की बहिरेपण आलं ते शांतता घेऊन आलं नाही. अल्लालच्या कानात अष्टौप्रहर ढोल वाजत. जेवताना, नमाजाला उभं राहताना, अंथरुणावर पडताना, सातही घरं एकदम वाजत असल्यासारखे. पहिल्या वर्षी तो यामनावर खेकसायचा, "या म्हंदच्या घरी माणसं झोपतात की नाही?" म्हंद म्हणजे खिंडीपलीकडचा शेजारी. यामना काही दिवस हे ऐकून घेत राहिली. मग एकदा त्याच्यासमोर बसली, ओठ मोठे मोठे हलवत आवाज न काढता म्हणाली, "कोणी वाजवत नाहीये." त्या दिवशी अल्लाल जेवला नाही.

सांगून टाकायचं होतं, असं आता सगळेच म्हणतात. म्हणायला काय जातं? अल्लालचं नाव होतं ते दोन गोष्टींसाठी, हलका हात आणि तयार कान. अडाणी माणूस शेंड्या बडवत सुटतो आणि पिठात पाला उतरवतो. अल्लाल काठी अशी टाकायचा की झोपलेल्या मांजराला जाग येऊ नये. आणि पहिली चाळण पडून संपली की कापडाचा आवाज बदलतो, भरलेला होता तो पोकळ होतो. तो बदल इतका बारीक असतो की दरीत तो दोघा-तिघांनाच कळायचा. त्या क्षणी थांबलं तर हातात येतं ते सोनं, दहा काठ्या जास्त पडल्या तर दुसऱ्या चाळणीचा माल. शहरातले व्यापारी इतर घरांत माल बघायचे, अल्लालच्या घरी नुसते चहा प्यायचे आणि पिशवी उचलायचे. असा माणूस चौकात उभा राहून मी बहिरा झालो म्हणून सांगेल होय?

म्हणून दोन वर्षं यामनाच त्याचा कान झाली होती. तो वाजवायचा तेव्हा ती शेजारी बसून लोकर पिंजायची आणि दरी थांबली की त्याची बाही ओढायची. तेवढी एक बाही सगळ्यांना तारत होती. पलीकडच्या चार घरांना, आणि त्याहून जास्त शुऐबला.

शुऐब त्यांचा एकुलता एक, एकतीस वर्षांचा. नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी निनावी चिठ्ठी टाकली आणि त्याच्या नावानं वॉरंट निघालं. तेव्हापासून पोरगा बाजाराला उतरला नव्हता. ओळखपत्र नाही, म्हणून लग्न नाही, दवाखाना नाही. दाढ दुखली तेव्हा म्हंदनं पकडीनं काढली. दिवसभर तो घरामागच्या शेळ्यांच्या गोठ्यात काम करायचा. गोठ्याचं मागचं दार देवदारांकडे उघडत असे आणि ते कधीच लावलेलं नसायचं. दारापासून पहिलं झाड वीस पावलांवर.

त्या सकाळी यामनाला भाचीच्या बाळाच्या बारशाला ओढ्यापलीकडे जायचं होतं. निघताना तिनं अल्लालची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मी येईपर्यंत काठीला हात लावायचा नाही."

"मी काय लहान मूल आहे?"

"लहान मुलाला एकदा सांगितलं की कळतं."

अल्लाल हसला. यामना हसली नाही. वळणापर्यंत ती तीनदा मागे वळून बघत होती.

ती गेली आणि तासाभरात हाज बुश्ता आला. हा जुना व्यापारी, दाढीमिशी गुळगुळीत करणारा, आणि त्याच एका कारणासाठी अल्लालला अलीकडे तो फार आवडायचा. मिशाळ माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. अल्लालनं त्याला नेहमीसारखं खिडकीकडे तोंड करून बसवलं, उजेडात. शुऐबनं पुदिन्याचा चहा आणून ठेवला आणि तो गोठ्यात परतला.

"काय अल्लाल, जिवंत आहेस की तुझं भूत चहा पाजतंय?"

"भुताच्या चहात एवढी साखर नसते."

हाज हसला, पण पिशवी उचलली नाही. ती उघडून त्यानं चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं चोळायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या चाळणीचं पीठ हाताच्या उबेनंच विरघळतं, गडद होतं, मेणासारखं एकजीव होतं. हाज चोळत राहिला आणि पीठ वाळूसारखं सुटंच राहिलं. त्यानं हात उजेडात धरला. पिवळ्यात हिरवी झाक होती. मग सुरीच्या टोकावर कण घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीला लावला. चांगला माल तिथे दूध उतू जावं तसा फसफसून वर येतो. हा थोडा फुगला, धुरला आणि काळा पडला.

"ही पहिली चाळण?"

"पहिलीच."

"मग माझी आजी नवरी." हाजनं सुरी पुसली. "पाला उतरलाय यात. मागच्या खेपेलाही उतरला होता, मी बोललो नाही. तू वेळेवर थांबत नाहीस आता." मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाला, "तुझा हात जड झालाय, अल्लाल."

शिवी दिली असती तर अल्लालनं हसून परत केली असती. हे त्याला सोसवलं नाही. त्याच्या कानशिलात रक्त चढलं. त्यानं कोपऱ्यातलं घमेलं ओढलं, नव्या शेंड्या पसरल्या, प्लास्टिक बांधलं.

"हे बघ. तुझ्या डोळ्यांदेखत. मग बोल."

यामनाचा शब्द त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण पहिली चाळण पडायला कितीसा वेळ लागतो? आणि दरी तर वाजत होती, छान वाजत होती. सातही घरं त्याच्या कानात अखंड चालली होती.

काठ्या पडू लागल्या. काय हात होता तो! मनगट हलताना दिसू नये आणि कापड मात्र थरथरत राहावं. हाजचा चेहरा सैल झाला, मान हळूहळू डोलायला लागली. अल्लालला हायसं वाटलं.

मग हाजची मान डोलायची थांबली आणि खिडकीकडे वळली. बाहेर बर्फावर ऊन होतं. तेच बघत असेल, अल्लालला वाटलं. उंबऱ्यावरचा कुत्रा उठून उभा राहिला, कान टवकारून, अंगावरचे केस ताठ. कोल्हा असेल. हाजचे ओठ हलले, पण तोंड खिडकीकडे होतं, शब्द कळले नाहीत. त्यानं अर्धा पेला खाली ठेवला. याला अजून पटलेलं नाही, असं समजून अल्लालनं काठी आणखी हलकी केली आणि डोळे मिटले, जुने कसबी लोक मिटायचे तसे. आता काठ्या होत्या आणि कानातली दरी होती. बरीच वर्षं तो इतका सुखात नव्हता.

काठी कशावर तरी मऊ आपटली तेव्हा त्यानं डोळे उघडले. प्लास्टिकवर दोन पंजे पसरलेले होते. शुऐब गुडघ्यांवर बसून घमेल्यावर ओणवा झाला होता. पाठीला खिडकी, तोंडावर काळोख, ओठ कुठे आहेत तेही दिसेना.

"हात काढ! पाहुण्यासमोर बापाचं काम अडवतोस?"

हात हलले नाहीत. अल्लालनं काठी हाणली. बोटांवर, सगळा राग काढून. पुन्हा हाणली. हाजनं आता काय म्हणावं? हात जड आणि पोरगा उद्धट! तिसऱ्यांदा त्यानं काठी उगारली, आणि तेव्हा त्याला हाजची गादी दिसली. रिकामी. उंबऱ्यावरच्या सपाता गेल्या होत्या. पेल्यातून अजून वाफ निघत होती.

काठी हवेतच राहिली. कानातली सातही घरं तशीच वाजत होती, एकही थांबलं नव्हतं.

"पळ," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला की नुसतेच ओठ हलले, हे त्याला स्वतःला कळलं नाही. गोठ्याचं मागचं दार उघडं होतं, वीस पावलांवर झाड होतं, आणि पोरगा तिकडे जायचं सोडून इकडे आला होता. अल्लालला तळव्यांखालची जमीन हादरताना जाणवली. मग पुढच्या दारात बूट, मागच्या दारात बूट.

हाज बुश्तानं दगा दिला का, असं लोक अजून विचारतात. मला नाही वाटत. त्यानं दरी थांबलेली ऐकली आणि जीव घेऊन सुटला. ज्या माणसाचा कान तो वर्षानुवर्षं वाखाणत होता, त्याला खुणावून सांगायचं कशाला? हा वाजवतोय त्यात याचाच काही डाव असेल, असंच त्याला वाटलं असणार.

शिपायांनी शुऐबच्या हातांत बेड्या घातल्या. म्हाताऱ्याला त्यांनी ढकलून भिंतीशी बसवलं, घमेलं लाथेनं उलटं केलं, त्यांना पिठाचं काही नव्हतं, कागदावर नाव होतं ते शुऐबचं. दारात गेल्यावर शुऐब अडखळल्यासारखा थांबला आणि मागे वळला. आता ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं. त्यानं बेडीतले हात जरा वर उचलले. बोटांवर लाल वळ उठले होते. आणि मग तो बोलला, अगदी सावकाश, ओठ मोठे मोठे हलवत, एकेक शब्द सुटा करून, यामना बोलते तसं.

"हात हलकाच आहे, बाबा."

अल्लालला सगळं कळलं. पोराला माहीत होतं. किती दिवसांपासून कोण जाणे, पण माहीत होतं, आणि बापाला कळू न देता तो रोज भिंतीपलीकडे कान देऊन बसत होता. पळायला वेळ होता. पण बाप वाजवत होता, आणि बाप वाजवतोय तोवर पलीकडची चार घरं निर्धास्त बसणार होती.

यामना दुपारी आली. रस्त्यातच तिला कळलं होतं. उलटं पडलेलं घमेलं तिनं सरळ केलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. त्यामुळे ती काही बोलत असेल तर त्याला ते दिसणार नव्हतं.

ऊन उतरायच्या आत खिंडीपलीकडची माणसं आली. चार घरांतले सहा पुरुष, सगळे वॉरंटातले, सगळे सुटलेले. म्हंदच्या हातात निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका होता. आमच्याकडे दुःखातही हाच नेतात आणि उपकार मानायलाही हाच. म्हंद अल्लालसमोर बसला, त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि बराच वेळ बोलला. त्याची मिशी दाट होती. अल्लाल त्या मिशीकडे बघत राहिला आणि मग त्यानं यामनाकडे पाहिलं.

शेवटी यामना वळली. आज तिनं आवाज न काढता नाही, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, ओठ स्पष्ट हलवत. "म्हणतोय, काका वेळेवर थांबले म्हणून आम्ही वाचलो. म्हणतोय, पोटचा पोरगा गेला तरी काकांनी आम्हाला इशारा दिला. काकांचा कान म्हणजे कान."

बाकीचे पाच जण मान खाली घालून उभे होते. अल्लालनं तो सुळका दोन्ही हातांनी म्हंदच्या मांडीवर परत ठेवला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी थांबलो नव्हतो. त्यानं हात मध्ये घातले, तर मी त्याला मारलं."