पंख्यांची मागणी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात कामगार, आणि युनियनचे सेक्रेटरी. गेटवर वाटायचं पत्रक ते कामोठ्याच्या घरी लिहायचे आणि छापायला जाण्याआधी मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. कामगारांपासून काही लपवायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

लॉच्या शेवटच्या वर्षाला बेलापूरच्या एका फर्ममध्ये इंटर्न म्हणून लागले. पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या कागदावर सही घेतली. काम एकच, कंपन्यांचे करार वाचायचे आणि खटकेल तिथे शेरा लिहायचा. पावसाळ्यात एका दुपारी जागा आणि मशिनरी विकण्याचा करार उघडला, तर पत्ता बाबांच्या कारखान्याचा. दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायची आणि तोवर कामगारांना कळू द्यायचं नाही, असं कलम होतं. ज्यांची भाकरी जाणार ते सोडून सगळ्यांना माहीत, याला करारात गोपनीयता म्हणतात. कामगारांना आधी कळवावं, असा शेरा मी लिहिला. माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी तो खोडला.

"आपला क्लायंट जागा घेणारा आहे. कामगार नाहीत."

माझे वडील तिथेच आहेत हे सांगितल्यावर त्यांनी फाइल काढून घेतली आणि सहीची आठवण करून दिली. वाचलेलं कोण काढून घेणार?

त्या संध्याकाळी बाबांनी नवं पत्रक पुढे केलं. पॅकिंगच्या शेडमध्ये पुढच्या उन्हाळ्याआधी पंखे बसवा, अशी मागणी होती. ‘उन्हाळ्याआधी’ या शब्दापाशी मी वाचायची थांबले. चुकलंय का काही, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग सध्या कुठल्या कंपनीचं काम चाललंय, असं विचारलं.

"सांगता येत नाही, बाबा. सही केलीय."

ते पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. मी बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"सही केलीस ना? मग राहू दे. तुझी वकिली अजून सुरू व्हायचीय."

पत्रक तसंच छापलं गेलं. एक शब्द जरी बदलला असता तरी कुठून कळलं, हे लोकांनी विचारलं असतं. पंख्यांची मागणी त्यांनी गेटवर स्वतःच्या हाताने वाटली.

दिवाळी सरली आणि गेटवर कारखाना बंद होत असल्याची नोटीस लागली. बाबांच्या डब्यात जेवणारे एक काका घरी आले. बाबांना म्हणाले, "तुला तर सगळं आधी कळतं. याचा वासही नाही लागला?"

"नाही लागला," बाबा म्हणाले.

कारखाना बंद करण्याविरुद्धचं पत्रक दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. बाबांनी ते घरी आणलं, पण वाचून दाखव म्हणाले नाहीत.