भरली आहे

माझ्या बायकोच्या मामांना बरा झालेला माणूस अजिबात बघवत नसे. सगळं जग ताप चढला की डॉक्टर बोलावतं. गोंदियाजवळच्या गोरेगावचे हे डॉक्टर मामा ताप उतरला की न बोलावता हजर व्हायचे. त्यातून फ्लूची साथ असली तर विचारूच नका. दाराला कडी असो, बेल असो, ते बोटाने सावकाश टकटक करायचे आणि डोळे मिटून आतला कानोसा घ्यायचे. ती टकटक ऐकून आजारातून नुकती उठलेली माणसं मागच्या दाराने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पळत. एका किराणावाल्याने आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला त्यांच्यासमोर धानाचं पोतं उचललं. मामांनी आधी पोतं वाजवून पाहिलं, मग त्याची पाठ.

वाजवण्याचा त्यांना नादच होता. भोपळा, माठ, दाराची चौकट, काहीही चाले. एक बोट टेकवायचं, दुसऱ्याने ठोकायचं. आमच्याकडे आले की तांदळाची कोठी ठोकून "भरली आहे" म्हणत आणि बायको खूश होई. एकदा माझ्या खाटेजवळची भिंत वाजवली, तिला कान लावला आणि म्हणाले, "आत पोकळ आहे." त्यानंतर कित्येक दिवस मी त्या भिंतीकडे पाठ करून झोपलो नाही.

एका हिवाळ्यात बायकोला जबर फ्लू झाला. तपासणीत तसंच निघालं, औषधं झाली, ताप उतरला. ती उठून भात रांधू लागली, शेजारपाजारचे विचारपूस करायचे थांबले. आणि भर दुपारी दारावर टकटक झाली.

"आराम पडला म्हणे?" मामांनी विचारलं.

"हो ना मामाजी. काल थोडी थंडी वाजली, बस. तुमी कायले आले एवढ्या दुरून?"

"आराम पडला म्हणूनच आलो, पोरी."

ते गप्पा मारत होते, पण नजर तिच्या श्वासावर होती. सवयीने कोठी ठोकली. भद्द. "भरली आहे." ती हसली. मग तिला पाठमोरी बसवून ते वरून खाली ठोकत आले. वर मोकळा आवाज. उजवीकडे खाली पोचले आणि भद्द, अगदी कोठीसारखा. त्यांनी पुन्हा ठोकलं.

"भरली आहे," ते त्याच आवाजात म्हणाले.

"काय भरली जी?" मी विचारलं.

"छाती. फ्लू गेला, पण जाताना दार उघडं टाकून गेला. मागून दुसरं कोणी शिरून राहिलं आत. निमोनिया वाटते. गाडी काढा जवाईबापू, गोंदियाले नेऊ."

गोंदियाला छातीचा फोटो काढला, तर नेमकी तेवढीच जागा पांढरी. थुंकीच्या तपासणीतही जंतू निघाले. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं सुरू झाली. मामा रोज येऊन तिची पाठ ठोकत आणि काही न बोलता जात. एके दिवशी ठोकून म्हणाले, "रिकामी झाली." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मनसोक्त रडलो.

मामा आता नाहीत. मागच्या साथीत मलाही फ्लू झाला आणि उतरलाही. भेटायला येणारे थांबले. बायको मात्र दुपारभर दाराकडे कान लावून बसली होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "पाठ करा इकडे." एक बोट टेकवून, डोळे मिटून ती ठोकू लागली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"मले थोडीच समजते," ती म्हणाली, आणि ठोकत राहिली.