धुऱ्यावरचं भांडण

लहानपणी घसा धरला, ताप चढला, गुडघे सुजले. तो ताप जाता जाता माझ्या काळजाची एक झडप आखडून गेला. कळलं मात्र लग्नानंतर, सासरी एकोडीत, धानाच्या रोवणीच्या चिखलात. चार रोपं लावली की दम लागायचा. भांडायलाही श्वास पुरेना! आमच्या शेताला लागूनची बांधी चुलत दिराची. दरवर्षी तो मधला धुरा, म्हणजे बांध, कोरायचा आणि आपली बांधी वाढवायचा. "भाऊजी, आमची जमीन काहून खाऊन राहिले?" एवढं म्हणेपर्यंत मला खोकल्याची उबळ यायची, अन् तो मेला हसायचा. शेवटी बोलणंच तुटलं.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून झडप उघडावी लागेल, लवकर. आधी नातेवाइकांनी रक्त द्यावं. मी दवाखान्यात खाटेवर अडकले. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून रात्रंदिवस उशी मांडीवर घेऊन बसलेली. पळावं तर जिन्यापर्यंतही पाय नेत नव्हते. मला मरायचं नव्हतं हो!

भेटायला अख्खं गणगोत आलं. असतील शितं तर जमतील भुतं. आणलेली संत्री माझ्याच खाटेवर बसून खाल्ली. रक्ताचं नाव निघताच सगळ्यांनी काखा वर केल्या. "रोवणी तोंडावर आहे. रक्त देल्लं तर नांगर कोण धरन?" नवऱ्यानं एक बाटली दिली, ती पुरेना. ऑपरेशन पुढे ढकललं, पुन्हा ढकललं.

एका सकाळी नर्सबाई म्हणाल्या, "तुमचे दीर दोन मेव्हण्यांना घेऊन रक्त देऊन गेले. वर या म्हटलं, तर नको म्हणाले." मी रडले, रागानंच. जगात दुसरं कोणी सापडलं नाही काय रे देवा?

ऑपरेशन झालं. घरी आले ती नव्या कैदेत. दिरानं पुन्हा धुरा कोरला, तर नवरा म्हणे, "त्यानं रक्त देल्लं तुले. चूप राहा." वर्षभर तोंड शिवून बसले.

पुढच्या रोवणीत राहवलं नाही. धुऱ्यावर उभी राहिले आणि त्याच्या आज्यापासून सुरुवात केली. फावड्यावर हात टेकून त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"वहिनी," तो म्हणाला, "आता खोकला नाही येत तुले." त्यानं डोळे पुसले, फावडं उचललं आणि धुरा कोरू लागला.

मी पुन्हा सुरू झाले.