चरबीच्या जागी भोपळा

नाव: आवडी कोम सोनबा उतेकर. वय: अदमासे चाळीस. राहणार: वरली वाडी, पोलादपूरच्या डोक्यावर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. कुटुंबप्रमुख: पती, हल्ली मुक्काम मुंबई. धंदा: कुटुंबप्रमुखास साहाय्य. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या बोटावर भाजल्याचा पांढरा डाग. तक्रार: नाही.

हे वर्णन कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. शिरगणतीचा कारकून त्या साली वाडीपर्यंत चढलाच नाही. खाली ओढ्याशी बसून त्याने वरची माणसे अंदाजाने लिहून घेतली. चढला असता तर त्याने असेच काही लिहिले असते, आणि ते खोटे ठरले नसते. नांगरट, लावणी, गाय, गोठा, लाकूडफाटा आणि शाकारणी हे सगळे आवडी करी. एवढे झाल्यावर कुटुंबप्रमुखाला आणखी साहाय्य करायला फारसे काही उरत नसे.

मग कुटुंबप्रमुख स्वतः काय करी? सोनबा मुंबईत एका साबणाच्या कारखान्यात होता. शिमग्याला तो दासगावच्या बंदरात लाँचमधून उतरे, डोंगर चढून घरी येई, पालखी नाचवी आणि भोपळे फोडी. पालखी त्याच्यावाचून नाचली असती. भोपळे मात्र अडत.

अख्ख्या भोपळ्याला बाईने सुरी लावायची नाही. पहिला घाव बाप्याचा. त्यानंतर बाईने फोडी कराव्यात, भाजी करावी, काय हवे ते करावे. का म्हणून विचारले तर वाडीत उत्तर मिळे, "लावत नाय." खाली महाडात तळ्याच्या पाण्याला कोणी हात लावावा यावर तेव्हा कोर्टात दावा चालू होता. भोपळ्याला सुरी कोणी लावावी याचा निकाल मात्र कधीच लागलेला होता आणि अपील करायला कोणी गेले नव्हते.

अडचण एवढीच की वाडीतले बाप्ये मुंबईत होते. राहिला होता म्हातारा भागोजी. त्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा जाण्याच्या बेतात. बायका आपापले भोपळे डोक्यावर घेऊन त्याच्या अंगणात जात, तो अंदाजाने कोयता मारी, आणि शास्त्र पुरे होई. पण भागोजीकडे भोपळा नेणे म्हणजे आपला माणूस यंदा येत नाही हे चारचौघींत कबूल करणे. उलट ज्या घरातून भोपळा फुटल्याचा दणका ऐकू येई, त्या घरचा धनी आला असे शेजारी समजत. पिकल्या भोपळ्यावरचा घाव दोन अंगणे ओलांडून ऐकू जातो.

आवडीच्या घरातून तो आवाज आला त्याला दोन शिमगे होऊन गेले होते.

"आवडे, आण की तुझा भोपळा," भागोजी तिला वाटेत गाठून म्हणे. "माझा कोयता काय झिजत नाय."

"येणार हाय तो, आबा."

"कोण, भोपळा?"

"घरधनी."

"मग तोवर माळ्यावर पिलं घालतील ते," म्हातारा म्हणे आणि स्वतःच हसे.

ते पिले घालत नव्हते, पण चुलीवरच्या माळ्यावर धूर खात रांगेने बसले होते. नरम पडेल तो आवडी गाईपुढे टाकी. भोपळा फोडायला गाय कोणाची परवानगी घेत नसे. उरलेल्यांत एक थोरला होता. तो सोनबासाठी. तसेही भोपळा हे एकट्या माणसाचे फळ नव्हे. एकदा फोडला की घर भरून माणसे लागतात.

पौषात ती तांदूळ घेऊन महाडच्या बाजारात गेली. तिथे पुण्याहून आलेले एक गृहस्थ टेबलावर मडके ठेवून घरच्या घरी साबण करून दाखवत होते. स्वदेशीचे दिवस होते. चूल नको, भट्टी नको. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवा, निववा, खोबरेल ओता, घोटत राहा. आवडी गर्दीच्या मागे उभी राहिली. सोनबा मुंबईत दिवसभर काय करतो हे तिला पहिल्यांदाच दिसत होते.

"परदेशी साबणात काय असतं? चरबी!" गृहस्थ म्हणाले. "आणि आपल्या साबणात चरबीच्या जागी काय?" त्यांनी दोन्ही हातांनी हवेत मोठे वाटोळे काढले. "भोपळा!"

पुढचे लोक हसले. शून्याला भोपळा म्हणतात हे शाळेत गेलेल्यांना ठाऊक असते. आवडी शाळेत गेलेली नव्हती. तिला वाटोळे दिसले, आणि तेवढ्या आकाराचा जिन्नस तिच्या माळ्यावर होता. लोक का हसले ते तिला कळले नाही; महाडची माणसे कशालाही हसतात. तिने तांदूळ देऊन खोबरेल घेतले, सोडा घेतला आणि घाटाची वाट धरली.

वाटेत तिच्या लक्षात आले की भोपळा आधी फोडावा लागेल.

हा प्रश्न एका वानराने सोडवला. गोठ्याच्या छपरावर वेलीचा शेवटला एक भोपळा राहिला होता. वानराने तो उपटला, त्याला पेलवला नाही, आणि तो अंगणातल्या दगडावर पडून फुटला. आवडीने वानराकडे नीट बघून घेतले. नर होता. शास्त्राला बाध येत नव्हता.

तिने भोपळा उकडला, पाट्यावर वाटला, लुगड्याच्या धडप्यातून गाळला. सोडा विरघळवताना बोट भाजले. मडक्यात खोबरेल, त्यात भोपळ्याचा गर, त्यात निवलेले सोड्याचे पाणी असे करत ती लाकडी दांड्याने घोटत बसली. दुपार कलली तसे ते सायीसारखे दाटले. केळीचे पान घातलेल्या काठवटीत तिने ते ओतले आणि वर घोंगडी टाकली. तिन्हीसांजेला काठवटीला हात लावला, तर ती कोमट होती. खाली विस्तव नाही, जवळ चूल नाही. त्या घरात तिच्यावाचून आपणहून ऊब धरणारे दुसरे काही बऱ्याच दिवसांत आले नव्हते. तिने हात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने वड्या पाडल्या आणि माळ्यावर सुकत ठेवल्या. निवून सुकायला महिना जाऊ द्या, असे गृहस्थांनी सांगितले होते. वाट बघायची म्हटल्यावर आवडीला वेगळे काही शिकावे लागले नाही.

शेजारच्या मैनाने पहिली वडी हातात घेऊन वास घेतला. "भोपळ्याची वडी? खायाची का लावायाची गो वैनी?"

"लावून बघ. नाय जमली तर खा."

मैनाने लावली. पिवळसर, मऊ फेस आला. राखेने होते तसे कातडे ओढले नाही. हळूहळू बायका एकेक वडी मागून नेऊ लागल्या. आवडीने स्वतः मात्र लावली नाही. पहिली आंघोळ त्याची, असे तिने ठरवले होते. साबणातले त्यालाच कळणार.

शिमगा आला. मैनाचा नवरा रावजी मुंबईहून आला. तो सोनबाच्याच चाळीत राही. सोनबा आला नाही.

"ड्युटी हाय त्याची," रावजी म्हणाला. याहून जास्त बोलला नाही, आणि तो एरवी फार बोलणारा होता.

परत निघताना आवडीने त्याच्या ट्रंकेत केळीच्या सोपटात गुंडाळलेली एक वडी घातली. "त्याला दे. म्हणावं, घरच्या भोपळ्याची हाय. थोरला ठेवलाय, फोडायला ये."

वैशाखात रावजी पुतणीच्या लग्नाला पुन्हा आला. आवडी दोन दिवस त्याच्या घराकडे गेली नाही. लग्नघरी माणूस कामात असतो. तिसऱ्या दिवशी तोच पाणी मागायला ओटीवर टेकला.

"दिलास का रे साबण, भावजी?"

"दिला की. हातात दिला."

"काय म्हणाला?"

"भोपळ्याचा म्हटल्यावर लय हसला. मग लावून बघितला." रावजीने तांब्या तोंडाला लावला, घटाघट प्याला, तोंड पुसले. "एकदम फस्क्लास हाय म्हणाली."

मराठीत क्रियापदाला लिंग असते. ही सोय आहे की अडचण, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून.

रावजीच्या ते लक्षात आले, पण तोवर शब्द ओटीवरून खाली उतरला होता. त्याने तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

"कोण म्हणाली?" आवडीने विचारले.

"वैनी, मी काय..."

"पुढं सांग."

"आणखी दोन वड्या दे म्हणाली. पोराच्या अंगाला बरा पडतो."

आवडी उठली, तांब्या भरून आणला, त्याच्यापुढे ठेवला. "केवढं हाय?"

"रांगतंय."

"वड्या सरल्या," आवडी म्हणाली. "नवा घाणा घालायला लागंल."

रावजी लग्न आटोपून मुंबईला गेला. वाडी पुन्हा बायकांची झाली. आवडीकडे सोडा होता, खोबरेल होते. एका दुपारी तिने माळ्यावरचा थोरला भोपळा उतरवला. तो उतरवताना तिला छातीशी धरावा लागला, इतका मोठा होता. भागोजीचे अंगण शंभर पावलांवर होते. तिने त्या दिशेला एकदा बघितले, मग पदर खोचला आणि कोयता घेतला.

दणका दोन अंगणे ओलांडून गेला. मैना हातातले सूप टाकून कुडापाशी धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

"वैनी! तुझे घरधनी आले काय गो?"

"नाय."

"मग कोण आलंय?"

"कोण नाय," आवडी म्हणाली आणि बिया काढायला बसली.

त्या संध्याकाळी तिने सोनबासाठी राखून ठेवलेली शेवटची वडी घेऊन आंघोळ केली. मुंबईला पुढे वड्या गेल्या की नाही, हे वाडीत कोणी विचारले नाही.

कुटुंबप्रमुख: सोनबा उतेकर, हल्ली मुक्काम मुंबई. भोपळा आवडीने फोडला.