न फोडलेलं पाकीट

पंच म्हणून जायचं म्हणजे काय, ते ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. कारवाईला साक्षीदार हवेत असं लाचलुचपत खात्याचं पत्र येतं, साहेब दोन नावं देतात आणि आपण मुकाट निघतो. मी तेव्हा जळगावला एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. नाव टाळायला कोणी बीपी सांगितलं, कोणी सासऱ्याचं आजारपण. मला वेळेवर खोटं सुचत नाही, म्हणून मी गेलो.

लाचलुचपत खात्याच्या कार्यालयात एक बाई बसली होती. पाचोऱ्याकडची, गिरणाकाठच्या गावातली, चाळिशीची. तिच्या नवऱ्याला वाळूच्या डंपरने चिरडलं होतं. डंपर मालकाचा मुलगाच चालवत होता, हे चहाच्या टपरीवाल्या म्हातारीने डोळ्यांनी पाहिलेलं. साक्षीदार ती एकटी. आणि तिला कोर्टात उभं करायचं ज्याच्या हातात, तो सरकारी वकील या बाईकडेच पैसे मागत होता. अहो, सरकारी वकील म्हणजे मेलेल्याच्या बाजूने बोलायला नेमलेला माणूस! त्याने मेलेल्याच्या बायकोकडे मागावं? ऐकूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मागणी खरी आहे का ते तपासायला मी तिचा मावसभाऊ बनून सोबत गेलो. रेकॉर्डर तिच्या कापडी पिशवीत होता. वकील त्याच्या खोलीत पोहे खात बसला होता. आमच्याकडे नीट बघितलंही नाही.

"आधी माझं बघा," तो म्हणाला, "मग म्हातारीच्या साक्षीचं मी बघतो."

रक्कमही त्याने स्वतःच्याच तोंडाने सांगितली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. त्या लिंबाच्या बिया त्याने कुठे टाकल्या तेसुद्धा मला आठवतंय.

पुढे सापळ्याच्या दिवशी त्याला वास लागला, त्याने पैसे घेतले नाहीत. पण मागणं हाच गुन्हा, असं अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितलं आणि गुन्हा दाखलही केला. आमच्यासमोर रेकॉर्डिंग वाजवलं, शब्द न् शब्द लिहून घेतला. मूळ रेकॉर्डिंग कोर्टासाठी वेगळं ठेवलं. सरकारी माणसावर खटला भरायची मंजुरी देणाऱ्या मुंबईच्या साहेबांना ऐकायला म्हणून एक प्रत पाकिटात घातली, लाख लावली. जिथे पाकीट मिटतं, बरोबर तिथे आडवी माझी सही घेतली, म्हणजे सही फाडल्याशिवाय पाकीट उघडणार नाही.

बाई सगळं टक लावून बघत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुम्हनी सही शे ना भाऊ तठे? मंग बठ्ठं खरं शे."

माझी सही आहे म्हणजे सगळं खरं, असं तिचं साधं गणित. त्या दिवसापासून मी तिचा भाऊच झालो. दर हिवाळ्यात भरताची वांगी यायची, मी धुळ्याला बदलून गेलो तरी यायची.

दीड वर्षाने वांग्यांऐवजी ती स्वतः आली. पिशवीत मुंबईहून आलेलं पत्र. सरकारी वकिलावर खटला भरायला मंजुरी नाकारली होती. कारण काय, तर रेकॉर्डिंग काळजीपूर्वक ऐकलं असता मागणी स्पष्ट होत नाही आणि पंचाचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही.

पंच म्हणजे मी. अरे, तू होतास का तिथे? मला कधी बघितलंस? बावीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही माझ्या नावावर, आणि मुंबईत पंख्याखाली बसून हा मला खोटा ठरवतो! अंगाची नुसती लाही झाली. आमची ही म्हणाली, आधी पाणी प्या. मी पाणीही प्यालो नाही.

आम्ही औरंगाबादला हायकोर्टाच्या खंडपीठात रिट लावलं. माझ्या साहेबांनी समजावलं की पंचाचं काम संपलंय, कशाला नसत्या भानगडीत पडता. मी रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं आणि तारखांना जात राहिलो. मागच्या बाकावर ती आणि मी.

एका तारखेला न्यायमूर्तींनी मुंबईची मूळ फाईल मागवली. फाईलमधून ते पाकीट निघालं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वर धरलं. मागून मला सगळं दिसलं. लाख शाबूत होती. माझी सही मधोमध, जशीच्या तशी.

"काळजीपूर्वक ऐकलं म्हणता," न्यायमूर्ती मुंबईच्या साहेबांची बाजू मांडणाऱ्या वकिलांना म्हणाले, "कशातून ऐकलं?"

ते वकील आपले कागद चाळू लागले. मला मात्र उठून ओरडावंसं वाटत होतं. बाईने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती.

मंजुरी नाकारणारा आदेश रद्द झाला. पाकीट उघडा, ऐका, तीन महिन्यांत नव्याने ठरवा, असा निकाल लागला. आम्ही कोर्टासमोर उसाचा रस प्यालो. जिंकलोच होतो की!

पण कारवाई होईपर्यंत घरी बसवलेला तो पैसे मागणारा वकील मंजुरी नाकारणाऱ्या पहिल्याच पत्रावर कामावर परत आला होता. त्याच कोर्टात, त्याच डंपरच्या खटल्यात. दुसरा वकील द्या हा बाईचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर लोळत पडला होता. त्या तीन महिन्यांतच त्याने लिहून दिलं की टपरीवाल्या म्हातारीची साक्ष घ्यायची गरज नाही. डंपर कोण चालवत होतं ते शाबीत झालं नाही, म्हणून मालकाचा मुलगा सुटला. गावात फटाके वाजले. बाई घराचं दार लावून बसली.

मग मुंबईचं दुसरं पत्र आमच्या हायकोर्टातल्या वकिलांकडून माझ्या हाती आलं. या वेळी पाकीट खरंच फोडलं होतं. मागणी ऐकू येते, असंही कबूल केलं होतं. परंतु मूळ खटला आता निकाली निघालेला असल्यामुळे मंजुरी देण्यात औचित्य नाही.

मूळ खटला निकाली काढला कोणी, रे? त्यानेच ना?

मी धुळ्याहून फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की पुरे झालं, आणि ती तसं म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"एस्टी कव्हय शे, भाऊ?" तिने विचारलं.

औरंगाबादची ना, सकाळी सहाची, मी म्हणालो. फोन ठेवला आणि रजेचा अर्ज पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात या वेळी स्पष्ट लिहिलं: बहिणीची केस.