चन्नाप्पाचा पाय आणि भावकीचा फ्लेक्स

शर्यतीत उसानं भरलेली जोड-ट्रॉली रिव्हर्समध्ये नेऊन चुन्याच्या रेघेत बसवणारा चन्नाप्पासारखा गडी शिरोळ भागात दुसरा नव्हता, असं खुद्द चन्नाप्पाच सांगायचा. ज्याला रिव्हर्स जमत नाही त्याला तो माणसांत धरत नसे. दिवाळीनंतर भरल्या ट्रॉलीवर आवळता आवळता दोर तुटला, हा गडी पाठीवर आपटला आणि कमरेखाली सगळं बंद पडलं. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली. पाय ओंडक्यागत पडून.

दीड महिन्यानं बायको बसम्मा गार फडक्यानं तळवा पुसत होती, तर पाय फटकन गुडघ्यात दुमडला. झालं! चुलतभाऊ शिवशरणनं चौकात फ्लेक्स ठोकला : ‘चन्नाप्पांचा पाय हलला! हार्दिक अभिनंदन!’ फोटोत शिवशरण मोठा, चन्नाप्पा कोपऱ्यात, पाय कुठंच नाही.

मग रीघ लागली. येईल तो तळव्याला गुदगुल्या करी. पाय उडाला की टाळ्या.

“बघा की पावणं, म्हशीगत लाथ मारतोय!” शिवशरण म्हणे.

“मी न्हाय मारत, लेका. डोळ्यानं बघतो तवा कळतंय उडाला म्हणून.”

“उडाला न्हवं? मग झालं की!”

त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला जयसिंगपूरहून येणाऱ्या सुष्मितानं समजावलं, “काका, तळव्याची खबर मणक्यातनंच माघारी फिरते, मेंदूपर्यंत जात नाही. खूण चांगली आहे. पण तुम्ही सांगितल्यावर हलेल, तोच पाय तुमचा.”

“म्हंजे गिअरात ठिवून ढकलला की ट्रॅक्टर उडी मारतो, तसं. वर डायवरच न्हाय,” चन्नाप्पा म्हणाला. “आन् हे येडे टाळ्या पिटत्यात.”

त्या दिवसापासून त्यानं पावण्यांना तळव्याला हात लावू दिला नाही. दुपारी दार लोटून उजव्या अंगठ्याला हुकूम सोडायचा. “हल की, मुडद्या! शिवशरणपरास तरी हुशार हैस का न्हाईस?”

अंगठा ढिम्म. असे दोन महिने गेले.

एका दुपारी बसम्मा तांदूळ निवडत होती. अंगठा पुढं वाकला. तिच्या हातातलं सूप कलंडलं.

“अवं, मी हात लावला न्हाय!”

“म्हाईत हाय. मीच सांगितलं त्येला.”

“शिवशरण भावजींना बोलवू?”

“त्येला कशाला? येवढ्याशा अंगठ्यामागं सोताचा केवढा फोटो लावंल त्यो! आन् पुढं काय, कुणीबी जातंय. ह्यो मागं येतोय का बघू दे.”

बसम्मा सांडलेले तांदूळ तसेच टाकून पुढं सरकली. अंगठा मागं आला. जरा तिरका, पण आला.